तीन वाजताची डबी

पुष्पलता गुडाखू घासते, ही गोष्ट बालाघाटात कोणालाच ठाऊक नव्हती. निदान पुष्पलतेची तशी समजूत होती. पानठेल्यावाल्या प्रेमलालला ती ठाऊक होती, कारण डबी तोच देत असे. भांडीवालीला ठाऊक होती, कारण डबी आणायला तीच जात असे. आणि नवऱ्याला, म्हणजे सिंचाई विभागातून बडेबाबू म्हणून निवृत्त झालेल्या शरदचंद्रांना, ती लग्नाच्या दुसऱ्या सकाळपासूनच ठाऊक होती. पण ठाऊक असणं निराळं आणि ठाऊक असल्याचं दाखवणं निराळं. या दोहोंच्या मधल्या जागेत आपल्याकडची अर्धी घरं सुखानं नांदत असतात. तिथे उगाच कोणी दिवा लावू नये.

गुडाखू ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांनी फार हळहळू नये. तंबाखू आणि गूळ मळून केलेला तो एक काळपट लगदा असतो. बोटावर घ्यायचा, दातांवर, हिरड्यांवर घासायचा, डोकं जरा हलकं होऊ द्यायचं आणि मग थुंकायचा. पुष्पलता हे लांजीला, माहेरी, मावश्यांच्या मांडीवर शिकली होती. पुरुषांनी पान खावं, खैनी मळावी, चौकात उभं राहून पिचकाऱ्या माराव्यात. बायकांनी मात्र सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या अंगणात, कोणी पाहत नसताना गुडाखू घासावं, आणि ते कोणी पाहत नाही याची काळजी पुरुषांनी घ्यावी, असा सगळा शिस्तीचा कारभार होता. दुपारी तीनच्या सुमारास बालाघाटातला कोणताही सभ्य पुरुष आपल्याच घराच्या मागच्या अंगणात पाऊल टाकत नसे. शरदचंद्रांना दोरीवरचा टॉवेल हवा असला तरी ते मधल्या खोलीतून दोनदा खाकरत आणि टॉवेल न घेताच परत फिरत.

पुष्पलतेच्या दृष्टीनं गुडाखूचा खरा मोठेपणा हाच होता. कारण सांदवाडीत ती एकटी नसे.

सासऱ्यांनी, म्हणजे बैहरच्या जंगलात रेंजर म्हणून आयुष्य काढलेल्या माणसानं, दोन मुलांसाठी घर मागे ठेवलं आणि एक बारा बोअरची बंदूक मागे ठेवली. घराची वाटणी झाली. बंदुकीची होईना. लायसन थोरल्या वसंतरावांच्या नावावर व्हावं की धाकट्या शरदचंद्रांच्या, यावरून दोघे भाऊ असे काही भांडले की बंदूक ठाण्यात जमा झाली, तिथेच गंजली आणि भावांचं बोलणं बंद झालं. घराच्या मध्ये भिंत उठली. ती मागे कण्हेरीच्या झाडांपर्यंत आली तेव्हा विटा संपल्या. उरलेल्या विटा त्यानं आणाव्यात असं ह्याचं म्हणणं, ह्यानं आणाव्यात असं त्याचं. त्या विटा आजतागायत आल्या नाहीत. कण्हेरीच्या आड अर्धा चेहरा आणि एक हात मावेल एवढी खिंड तशीच राहिली, आणि त्या खिंडीच्या पलीकडे दुपारी तीन वाजता दुर्गाबाई, पुष्पलतेची थोरली जाऊ, आपली डबी घेऊन बसत असे.

पुरुष तिकडे यायचे नाहीत, म्हणून हे चालायचं. त्या खिंडीतून लोणच्याच्या वाट्या गेल्या, पोरांच्या लग्नाच्या बातम्या गेल्या, बाळंतविडे गेले. वसंतरावांना शुगर निघाली हे शरदचंद्रांच्या घरात कळलं ते त्या खिंडीतून. दुर्गाबाईला निघाली तेही, आणि पुष्पलतेला निघाली ते पलीकडे गेलं तेही. समोरच्या दारानं या दोन घरांचं नातं संपलं होतं. मागच्या दारानं ते दररोज तासभर जिवंत असे. पुष्पलतेला सख्खी बहीण नव्हती. जी काय होती ती भिंतीपलीकडची ही बाई होती.

तर अशा सुरळीत चाललेल्या संसारात गोंदियाहून छोट्या लाईनच्या गाडीनं देवश्री येऊन थडकली. ही दोघा भावांच्या मधल्या बहिणीची मुलगी, नागपूरला मानसशास्त्रात पीएचडी करणारी. धाकट्या मामाकडे मुक्काम, कारण थोरल्याकडे गेली असती तर धाकट्यानं जेवण सोडलं असतं. विषय असा की शुगरच्या पेशंटचे दात आणि त्याचं मन.

“मनाचं काय काम?” शरदचंद्रांनी पहिल्याच जेवणात विचारलं. “दात डॉक्टर पाह्यते, शुगर डॉक्टर पाह्यते. तू काय पाहशील?”

“मामा, हिरड्या सडल्या तर शुगर वाढते, शुगर वाढली तर हिरड्या सडतात. हे डॉक्टर लोक सगळ्यांना सांगून राहिले. तरी कोणी दात घासत नाही. काहून घासत नाही, ते मी पाहते.”

“आळस,” मामा म्हणाले आणि भाताकडे वळले. त्यांच्या मते प्रबंध तिथेच संपला होता.

देवश्रीनं सरकारी दवाखान्यात शुगरच्या दिवशी येणाऱ्या बायका गोळा केल्या. दातांचे एक तरुण डॉक्टर मदतीला घेतले आणि जवळच्या एका सभागृहात गुरुवारच्या बैठका सुरू केल्या. पुष्पलतेला जावंच लागलं, भाचीचं काम म्हणून. दुर्गाबाईला वसंतरावांनी जाऊ दिलं नाही. धाकट्याच्या घरातून निघालेल्या कोणत्याही विज्ञानावर त्यांचा विश्वास नव्हता.

पहिल्याच गुरुवारी देवश्रीनं सगळ्यांना विचारलं, तुमच्यापैकी गुडाखू कोण घासतं? कोणीच घासत नव्हतं. एकीची जाऊ घासत असे, एकीची शेजारीण, एकीची तर मेलेली सासू घासत असे. मग देवश्रीनं सगळ्यांना एकेक लाल गोळी चघळायला दिली. दातांवर जिथे किटण असेल तिथे हा लाल रंग धरतो, म्हणाली, आणि आरसा फिरवला. पुष्पलतेनं आरशात पाहिलं तर तोंडात दसऱ्याच्या देवीसारखा लाल रंग, आणि तो धुता धुवेना. सगळ्याजणी पदर तोंडाला लावून घरी गेल्या. चौकातले लोक विचारू लागले, आज कोणाकडे पानाचा कार्यक्रम होता काय?

देवश्रीच्या सरांनी तिला एक पढवून ठेवलं होतं. कोणाला काही सांगायचं नाही, रागवायचं नाही, नुसतं विचारायचं. तुम्हाला काय जमेल, ते तुम्हीच सांगा. आणि जमेल याची खात्री दहापैकी किती, तेही सांगा. हा दहापैकीचा मामला बालाघाटात फार बिघडला. बायकांना वाटलं हे मार्क आहेत. पाहुणी पोरगी, नागपूरहून आलेली, तिला कमी कसे द्यायचे? सगळ्यांनी दहापैकी दहा दिले. देवश्री घरी येऊन डोकं धरून बसली.

“पासिंग मार्क किती ठेवले?” शरदचंद्रांनी काळजीनं विचारलं.

पण एका गुरुवारी तिनं निराळंच विचारलं. चावता येत नाही म्हणून कोणत्या खाण्याची आठवण येते? कोणी चिवडा म्हणालं, कोणी फुटाणे. पुष्पलतेची पाळी आली तेव्हा ती “भुट्टा” म्हणाली आणि पुढचं बोलताच येईना. भाजलेला भुट्टा, तिखटमीठ लावलेला, निखाऱ्यावरून थेट हातात. पुढचे दोन दात हलायला लागल्यापासून तिनं तो खाल्ला नव्हता. घरात सगळ्यांचे खाऊन झाले की ती विळीवर दाणे सोलून घेई आणि मिक्सरमधून काढून खाई. लहान पोराला भरवतात तसं स्वतःला भरवताना तिला दरवेळी रडू येई आणि ती ते तिखटावर ढकलत असे. त्या दिवशी तिखट नव्हतं.

बैठक संपता संपता देवश्री सहज म्हणाली, “गंमत पहा ना. आपण चहातली साखर सोडतो, लाडू सोडतो, आणि गुडाखू म्हणजे गूळच नं? तो सरळ हिरडीत चोळतो.” मग घाईनं म्हणाली, “म्हणजे तुम्ही नाही. शेजारणी.”

सगळ्या बायका छताकडे पाहू लागल्या.

पुष्पलतेला त्या दिवशी दुपारी डबी उघडताना पहिल्यांदा गुळाचा वास आला. इतकी वर्षं तो येतच होता, पण तिनं तो कधी वेगळा हुंगला नव्हता. आठ वर्षं फिका चहा पिते मी, तिला वाटलं. देवाच्या प्रसादाचा पेढासुद्धा कपाळाला लावून परत ठेवते. आणि हे काय करते?

तिनं गुडाखू सोडलं. हे एका वाक्यात लिहिणं सोपं आहे. तिचं डोकं दुखलं, सकाळी पोट साफ होईना, शरदचंद्रांनी दोनदा “आज भाजीत मीठ आहे का?” एवढंच विचारलं तर त्यांच्यापुढे ताट आपटलं गेलं. रात्री जेवणानंतर ब्रश करायला ती मोरीत जाई तेव्हा एवढ्या रागानं दात घासत असे की देवश्रीनं येऊन हात धरला. “मामी, हळू. दात आहेत, कढई नाही.” पण सुटलं. तिचं तिलाच नवल वाटलं.

फक्त एक पंचाईत होती. तीन वाजता काय करायचं?

तुम्ही म्हणाल, त्यात काय, डबीशिवाय जाऊन बसायचं. तुम्हाला लीलाबाईची गोष्ट ठाऊक नाही. मागच्या गल्लीतल्या लीलाबाईनं गळ्यात माळ घातली आणि गुडाखू सोडलं. त्या दिवसापासून तिच्यासमोर कोणी डबी उघडेना. उघडली की ती नुसती पाहत बसे, आणि तसं पाहणं शिव्यांपेक्षा वाईट. महिनाभरात तिला सांदवाडीत बोलावणारी एक बाई उरली नाही. पुष्पलतेला ते लख्ख आठवत होतं. आणि दुसरं त्याहून मोठं. तिनं गुडाखू सोडल्याचं घरात कळलं, तर शरदचंद्रांना मागे यायला कोणतीही आडकाठी उरणार नव्हती. दुपारी तीनला ते खुशाल टॉवेल घ्यायला येतील, कण्हेरीआड पाहतील, खिंड दिसेल, पलीकडे वहिनी दिसेल, आणि दुसऱ्या दिवशी विटा येतील. इतकी वर्षं न आलेल्या विटा एका दिवसात येतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून तिनं रिकामी डबी घासूनपुसून घेतली आणि तीत हिरडा-बेहड्याचं चूर्ण पाण्यात कालवून भरलं. रंग तोच. चव अशी तुरट की डोळे मिटावेत. तीन वाजता ती खिंडीपाशी बसली, बोटावर चूर्ण घेतलं आणि घासू लागली. थुंकायचं तिला आठवलं नाही, तिनं ते गिळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोट साफ झालं, तेव्हा ती रोजच गिळू लागली.

“काय वं, आज लई खुशीत दिसते?” दुर्गाबाईनं पलीकडून विचारलं.

“काही नाही, बाई. झोप चांगली लागली.”

दुर्गाबाईनं एकदा तिच्या बोटाकडे पाहिलं. तिनं आपल्या डबीत बोट बुडवलं.

पावसाळा सरता सरता देवश्रीनं पुन्हा सगळ्यांचं रक्त तपासून घेतलं, डॉक्टरांनी हिरड्या पाहिल्या. पुष्पलतेच्या हिरड्या गुलाबी. रक्त येणं बंद. दात हलायचे थांबलेले. आणि तीन महिन्यांची शुगर एवढी खाली आली की डॉक्टरांनी कागद उलटा करून नाव तपासलं. देवश्री घरी नाचतच आली.

“मामी, तू काय केलं, सांग! ब्रश तर सगळ्याच करून राहिल्या. तुझंच इतकं कसं सुधरलं? आणखी काय बदललं?”

मधल्या खोलीत शरदचंद्र वर्तमानपत्र वाचत होते. त्या घराच्या मधल्या खोलीत स्वयंपाकघरातली फोडणीसुद्धा ऐकू येते.

“काही नाही,” पुष्पलता म्हणाली.

देवश्रीनं आवाज उतरवला. “मामी, मला डबी दिसली आहे. मागे, कण्हेरीजवळ. मी काही म्हणणार नाही, खरंच. अजून घासतेस?”

आता काय सांगणार? हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर मधली खोली ऐकते आहे. पुष्पलता एवढ्या हळू बोलली की वर्तमानपत्राला ऐकू गेलं नसावं. पण गेलं असतं तरी चाललं असतं असं ते बोलणं होतं.

“हौ. घासते. पहिल्यासारखीच.”

सबंध बालाघाटात सगळ्या बायका घासत असून नाही म्हणत होत्या. आणि ही एक न घासता हो म्हणत होती. बिचारी देवश्री. तिच्या सरांनी खोटं ओळखायच्या ज्या युक्त्या शिकवल्या होत्या, त्या सगळ्या पहिल्या जातीच्या खोट्यासाठी होत्या.

तिनं मामीचा शब्द प्रमाण मानला. आणि त्यावर विचार करकरून, रात्री सरांना फोन करून, असं ठरवलं की गुडाखू सुटत नसेल तर सुटू नये, त्याचा धाक घालून बायका दूर पळतात. दोनदा नीट ब्रश केला तरी हिरड्या सुधारतात, हे पुढच्या गुरुवारी सगळ्यांना सांगायचं. पुरावा घरातलाच होता.

ही बातमी भांडीवालीनं पुढच्या गुरुवारपर्यंत थांबवून धरली असती तर ती भांडीवाली कसली. दुसऱ्याच दुपारी तीन वाजता दुर्गाबाई खिंडीपलीकडे येऊन बसली ती हे ऐकूनच.

“पुष्पे, गुडाखू चालते म्हणे.”

“कोण म्हणते?”

“देवश्री म्हणते म्हणे. पुष्पामामीची हिरडी गुडाखू घासूनबी चांगली झाली म्हणे.” दुर्गाबाईनं डबीतून चांगला भरघोस लगदा काढला, तोंडात बोट घातलं, खालवर घासलं आणि बाहेर काढून खिंडीतून पुढे धरलं. काळ्या लगद्यात लाल धागे होते. “मग मले सांग बरं. आपण दोघी एकाच वेळी बसतो, एकच जिन्नस घासतो. तुही चांगली होते, आन् माही काहून सडून राह्यली?”

पुष्पलता त्या बोटाकडे पाहत राहिली. आजवर तिनं स्वतःची समजूत घातली होती की आपण कोणाचं काही बिघडवत नाही, फक्त एक तास वाचवतो आहोत. तो तास जिच्यासाठी वाचवला तीच त्याची किंमत मोजत होती, रक्तानं. तिला आपली शरम वाटली. खिंड बुजली तर बुजू दे, तिनं ठरवलं, पण या बाईचे दात माझ्या खोट्यावर पडायला नकोत.

तिनं आपली डबी खिंडीतून पलीकडे दिली. “चाखून पाहा, बाई.”

दुर्गाबाईनं डबी हातात घेतली. उघडली नाही. तशीच मांडीवर ठेवली.

“हिरडा हाये,” ती म्हणाली. “बेहडाबी असंन.”

“तुम्हाले कसं समजलं?”

“अवं, तोंडात गुडाखू असताना माणूस तोंड वर करून बोलते, घळघळ. तू पहिल्याच दिवशी तोंडात बोट घालून फाडफाड बोलून राह्यली होती. आन् थुंकलीच नाही. गिळलं! गुडाखू गिळणारी बाई कण्हेरीत उलटी करत बसते, असं हसत बसत नाही.”

“पहिल्याच दिवशी? मग बोलल्या काहून नाही?”

“तू नाही बोलली, म्हणून मी नाही बोलली.” दुर्गाबाई पदराच्या टोकानं बोट पुसत राहिली. “मले वाटलं, इले सांगितलं का मले समजलं, तं लाजंल आन् येणं बंद करंल. लीलाबाईसारखं. मग मी कोनासंग बोलू? तुह्या जेठासंग, आमच्या यांच्यासंग? ते बंदुकीशिवाय दुसरं बोलत नाही.”

पुष्पलतेला हसू आलं आणि त्यातच रडूही आलं. भिंतीपलीकडे दुर्गाबाईचंही काही निराळं चाललेलं नव्हतं. मग एकदम दुर्गाबाई तडकली.

“पर माय, येवढी अक्कल आली तुले, तं मले नाही द्यायची? लोणचं देते वाटीभर, आन् हे नाही दिलं?”

“चुकलं, बाई.”

“चुकलंच.” तिनं पुष्पलतेची डबी खिंडीतून परत सरकवली. “सकाळचं सुटणार नाही माह्याकडून. पोट ऐकत नाही. दुपारचं पाह्यते.”

“दहापैकी किती?” पुष्पलतेच्या तोंडून निघून गेलं.

“काय किती?”

“जमंल याची खात्री.”

दुर्गाबाईनं खरंच विचार केला. तिला पाहुण्या पोरीची भीड नव्हती. “पाच,” ती म्हणाली. सबंध पावसाळ्यात दिला गेलेला तेवढाच एक खरा आकडा होता, आणि तो ऐकायला देवश्री तिथे नव्हती.

संध्याकाळी पुष्पलतेनं देवश्रीला स्वयंपाकघरात धरलं. मधल्या खोलीत वर्तमानपत्र होतं, पण आता तिचा इलाज नव्हता. गुरुवार परवावर आला होता.

“मी खोटं बोलली. मी गुडाखू घासत नाही. कधीचं सोडलं. तू बायकांना तसं काही सांगू नको.”

देवश्री चाळणी हातात घेऊन उभीच राहिली. “पण मामी, लोक सोडलं म्हणून खोटं बोलतात. तू सोडून, सोडलं नाही म्हणून सांगितलं? काहून?”

मग पुष्पलतेनं सांगितलं. सगळंच सांगितलं. “मी घासते तोवर तुहे मामा मागे येत नाहीत. ते येत नाहीत तोवर पलीकडच्या बाई येतात. त्या भिंतीत जागा हाये एवढीशी. मले गुडाखूचं काही नव्हतं पोरी, सुटलं ते. बाई सुटल्या असत्या तं मी काय केलं असतं?”

देवश्रीनं चाळणी खाली ठेवली. “मामी, माझ्याजवळ याच्यासाठी काही रकानाच नाही,” ती म्हणाली आणि मामीच्या गळ्यात पडली.

मधल्या खोलीत वर्तमानपत्राचं पान उलटायचं थांबलं होतं. ते पुष्पलतेला ऐकू आलं. जेवताना शरदचंद्र एक शब्द बोलले नाहीत. भाजीत मीठ कमी होतं, तरी बोलले नाहीत. पुष्पलतेनं ओळखलं की विटा येणार.

दुसऱ्या दिवशी सबंध सकाळ तिचं लक्ष रस्त्याकडे होतं. हातगाडी खडखडली की ती दारात येऊन पाही. तीन वाजले. तिनं सवयीनं डबी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली आणि मागे गेली. दुर्गाबाई आली होती. तिच्या हातात आज डबी नव्हती. पदराखाली एक भुट्टा होता, भाजलेला, अजून गरम. “चावून दाखव,” ती म्हणाली. पुष्पलतेनं पुढच्या दातांनी एक ओळ उतरवली. तिखटमीठ, धूर आणि दाण्यांचं दूध एकदम जिभेवर आलं, आणि तिनं डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात मधल्या खोलीतून चपला वाजल्या. मागच्या दारापर्यंत आल्या. दोन वेळा खाकरणं झालं.

रोज इथे चपला परत फिरत. आज फिरल्या नाहीत. दुर्गाबाईनं मध्ये भिंत असतानाही पदर डोक्यावर ओढला. पुष्पलतेच्या हातातला भुट्टा तसाच राहिला.

शरदचंद्र उंबऱ्याच्या आतच उभे होते, दाराकडे पाठ करून. अंगणात त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं.

“ऐकलं का?” ते घराच्या आतल्या बाजूला तोंड करून मोठ्यानं म्हणाले. “वहिनी हायेत काय तिथं?”

हा शब्द त्या घरात भिंत उठल्यापासून उच्चारला गेला नव्हता. पुष्पलतेच्या तोंडात भुट्ट्याचे दाणे होते.

“हाये,” दुर्गाबाईनं भिंतीपलीकडून स्वतःच सांगितलं.

मग शरदचंद्र पुन्हा खाकरले.

“दादाची शुगर किती निघाली, विचार त्यांना.”

पुष्पलतेनं विचारायची गरज नव्हती. “तीनशेच्या खाली येत नाही,” दुर्गाबाई भिंतीला ऐकवावं तसं बोलली. “दोन दाढा गेल्या. गोळी घेत नाही. ऐकतच नाही कोनाचं. लहानपनापासून एकाचंच ऐकत होते, त्याच्यासंग बोलणं बंद हाये.”

आणि तेव्हा पलीकडच्या घराच्या मागच्या दारातून, उंबऱ्याच्या आतूनच, कोणीतरी दोनदा खाकरलं. अगदी तसंच, त्याच सुरात. रेंजरसाहेबही असेच खाकरत असत.

“त्याले म्हणा,” वसंतरावांचा आवाज आला, जाडाभरडा, कोणाला उद्देशून ते न सांगता, “आपले दात पाह्य म्हणा आधी.”

शरदचंद्र दारात हलले नाहीत. पुष्पलतेला त्यांची पाठ तेवढी दिसत होती.

“देवश्रीजवळ त्या लाल गोळ्या उरल्या असतील,” ते शेवटी म्हणाले. “दोन माग. एक मले ठेव, एक पलीकडे दे. पाहू म्हणा, कोनाचं तोंड जास्त लाल होते.”

मग चपला मधल्या खोलीकडे वळल्या. जाता जाता ते एवढंच म्हणाले, “तुमचं होऊ द्या सावकाश. मी तिकडे येत नाही.”